विद्यापीठातील लोकसाहित्य संशोधन केंद्राने वर्षभर नेमके कोणते काम करावे?

प्रश्न : शिवार

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या विद्यापीठात लोकसाहित्य संशोधन केंद्र आहे. यंदा त्याच्या सल्लागार समितीवर माझी नियुक्ती झाली असून पुढील वर्षाचा आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तयारी म्हणून मी मागील काही वर्षांचे वार्षिक अहवाल वाचून काढले. प्रत्येक अहवालात एक राज्यस्तरीय चर्चासत्र, एक लोककला महोत्सव, २२ ऑगस्टच्या जागतिक लोकसाहित्य दिनाचे व्याख्यान आणि या तिन्हींची छायाचित्रे आहेत. संशोधनाविषयी मात्र दोन-चार ओळींपलीकडे काही नाही.

केंद्राच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या कॅसेट आणि विद्यार्थ्यांनी वेळोवेळी जमा केलेल्या गाण्यांच्या वह्या आहेत. मी एक वही उघडली. पहिल्या पानावर गाव आणि तालुका सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे, वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव व हजेरी क्रमांक आहे, मार्गदर्शक प्राध्यापकांची स्वाक्षरी आहे. जिने ही गाणी सांगितली, तिचे नाव शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा केंद्राच्या कामाचे वर्ष कसे आखावे? कपाटातील कॅसेटचे काय करावे? आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना जे फील्ड प्रोजेक्ट करावे लागतात, त्यांतून उपयोगाचे संकलन होऊ शकते का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : गोदाकाठ

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण आराखडा करण्यापूर्वी कपाट उघडून पाहणारे फार थोडे असतात. मी सुमारे तीस वर्षे संकलनाचे काम केले, त्यातील बराच काळ एका विद्यापीठाच्या केंद्रात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण माझ्या मते बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

विद्यापीठाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, सरकारी अनुदानाचे एप्रिलमध्ये, आणि आपण ज्यांच्याकडे जाणार आहोत त्यांचे चैत्रात. केंद्राची निम्मी शक्ती ही तीन वर्षे एकमेकांशी जुळवण्यात खर्च होते, आणि जुळवाजुळव जमली नाही की केंद्र निमूटपणे चर्चासत्रांकडे वळते, कारण चर्चासत्र कोणत्याही महिन्यात घेता येते. गावोगावच्या जत्रा चैत्र-वैशाखात भरतात, तेव्हा आमचे सगळे प्राध्यापक परीक्षा आणि पेपर तपासणीत अडकलेले असत. अनुदानाचा हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत हाती येई आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागे. म्हणजे पैसे असत तेव्हा गाणे नसे, आणि गाणे असे तेव्हा पैसे संपलेले असत. आपण समितीवर आहात, तर पहिल्याच बैठकीत प्रवासखर्चाची आणि कलावंतांच्या मानधनाची तरतूद विद्यापीठाच्या स्वनिधीतून मागा, म्हणजे ती मार्चअखेरच्या टाचेखाली राहणार नाही.

दुसरे असे की, आराखड्यात इंग्रजी महिन्यांच्या शेजारी तिथी लिहा. २०२२ मध्ये घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ती १५ ऑक्टोबरला गेली. मागच्या वर्षीच्या तारखांवरून दौरा ठरवणारा संशोधक अशा वर्षी गोंधळ, भोंडला, भुलाबाई या सगळ्यांना मुकतो. ही गाणी नंतर कधीही म्हणवून घेता येतील, असे समजू नये. आश्विनातले गाणे माघात म्हणायला अनेक बायका तयार होत नाहीत, आणि आग्रहाखातर म्हटले तरी चार कडव्यांवर थांबतात. फेर धरणाऱ्या मुली नाहीत, खिरापत नाही, म्हणजे त्या गाण्याला पुढे जायला कारणच नसते.

आता प्रत्यक्ष वर्ष. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा असते. भटक्यांची पंढरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. वर्षभर पांगलेले भटके समाज तेथे एकत्र येतात, म्हणून त्यांच्या गीत-कथांवर काम करायचे असेल, तर मढीला पर्याय नाही. परंतु तेथे ध्वनिमुद्रण करण्याच्या भरीस पडू नका. कर्णे, गर्दी आणि वाहने यांच्यात काहीही धड मिळत नाही. मढीला जायचे ते ओळखी करण्यासाठी, कोण कोणत्या वाटेने कोणत्या जिल्ह्यात उतरणार आहे, पावसाळ्यात मुक्काम कोठे असतो, हे विचारून लिहून घेण्यासाठी. खरे मुद्रण त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या पालावर किंवा घरी, निवांतपणे होते.

विधिनाट्याचे याच्या उलट आहे. गोंधळ किंवा जागरण घरी बोलावून अर्ध्या तासात करून घेतले, तर हाती सांगाडा लागतो. चौक भरण्यापासून दिवटी शांत होईपर्यंत रात्रभर बसावे लागते, कारण पूर्वरंगातील आवाहनात कोणत्या देवता कोणत्या क्रमाने येतात, त्या घराण्याने आपल्या गावचे दैवत कोठे बसवले आहे, आणि आख्यान रंगात असताना यजमानाच्या घरातील कोणती घटना त्यात ओवली गेली, हेच तर आपल्याला हवे असते. खंडोबाच्या जागरणासाठी मार्गशीर्ष उत्तम. चंपाषष्ठीला सगळे जेजुरीकडे धावतात. मराठवाड्यातील केंद्राने त्याच महिन्याच्या शेवटी भरणारी लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा सोडू नये.

ओव्यांसाठी लग्नसराई धरा. पिठाची गिरणी गावात आल्यापासून पहाटेचे दळण गेले, पण लग्नात हळद दळताना आणि घाणा भरताना जाते अजून पुजले जाते, आणि तेवढ्यापुरत्या का होईना, म्हाताऱ्या बायका जात्यापाशी बसतात. एकदा बीड जिल्ह्यातील एका गावात सत्तरीच्या आजींकडे मी सकाळभर बसलो होतो. त्यांना दोन ओव्यांपुढे काही आठवेना. त्या स्वतःवरच चिडल्या. मग सुनेने माळवदावरून जुने जाते खाली आणले, खुंटा ठोकून बसवला, मूठभर ज्वारीची वैरण घातली. हात फिरू लागला तशी तिसरी ओवी आली, मग माहेराच्या ओव्या, मग भावाच्या, आणि मधे एकदा जाते थांबवून त्या म्हणाल्या, "ही माझ्या आईची आहे, माझी नाही." ही नोंद माझ्या सगळ्या संग्रहात मला सर्वांत मोलाची वाटते. हाताला सापडले ते आठवणीला सापडले नव्हते. म्हणून मुद्रणात जात्याची घरघर आली, तर ती काढून टाकू नये, ती ओवीचीच लय आहे.

पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आपण जरूर पाहावा. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या तेथे लिहून घेतल्या गेल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, अनेकदा आवाजासह, प्रसिद्ध होत आहेत. हे काम विद्यापीठाबाहेर झाले. गावात राहणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांनीच आपल्या शेजारणींकडून ओव्या घेतल्या, हे मला त्यामागचे बलस्थान वाटते. विद्यापीठांनी त्यापासून शिकावे असे पुष्कळ आहे.

पावसाळा मात्र खोलीत बसण्याचा. आषाढात मरीआईचे पोतराज आणि श्रावणात कहाण्या एवढे सोडले, तर जून ते ऑगस्ट हे तीन महिने लिप्यंतराला, म्हणजे मुद्रण ऐकून शब्दशः लिहून काढण्याला, द्यावेत. एका तासाचे मुद्रण जसेच्या तसे उतरवायला मला सहा ते आठ तास लागत, बोली अनोळखी असेल तर त्याहून अधिक. ज्या केंद्राच्या आराखड्यात या कामाला महिने दिलेले नाहीत, त्याच्याकडे पाच वर्षांनी केवळ न ऐकलेल्या फिती उरतात. महोत्सव एका वर्षी झाला नाही, तर काही बिघडत नाही. लिप्यंतर एक वर्ष मागे पडले, की ते कधीच भरून निघत नाही, कारण संशयास्पद शब्द जिला विचारायचा, ती तोवर राहिलेली नसते.

प्रतिसाद २ : ध्वनिलेख

मी ध्वनिफितींचे संगणकीकरण करतो, म्हणून केवळ कॅसेटबद्दल लिहितो.

सर्वप्रथम एकही कॅसेट यंत्रात घालून 'काय आहे ते बघू' असे करू नका. खिडकीतून उजेडात धरून पाहा. फितीच्या कडेला पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण ती यंत्रात फिरली की हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. कॅसेटच्या माथ्यावरील प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या चकत्या तुटलेल्या नसतील, तर त्या आधी तोडा, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी त्यावर पुन्हा मुद्रण होणार नाही. मला एका संग्रहात पोवाड्याच्या मधोमध क्रिकेटचे समालोचन ऐकू आले होते. त्या जागी काय होते, ते आता कोणीही सांगू शकणार नाही.

संगणकीकरण वास्तविक वेळेतच होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे, शिवाय साफसफाई, हेड जुळवणे आणि नोंदी धरून एका माणसाने दिवसाला तीन कॅसेट केल्या, तर ते चांगले काम समजावे. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला करावी. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ९६ किलोहर्ट्झची शिफारस करते. ४८ ला दोन्ही वाहिन्यांचा एक तास साधारण एक जीबी होतो, ९६ ला दोन. आजच्या डिस्कच्या किमती पाहता यात काटकसर करण्याचे कारण नाही. एमपी३ ऐकवण्यासाठी वेगळी काढावी, पण ती मूळ प्रत मानू नये. खरखर काढण्याची प्रक्रिया मूळ प्रतीवर कधीही करू नये. ती आणखी एका प्रतीवर करावी.

प्रती तीन ठेवा, त्यांतील एक वेगळ्या इमारतीत. हे सांगण्याला कारण आहे. एका संस्थेत मी वर्षभर केलेले काम एकाच बाह्य हार्ड डिस्कवर होते. कार्यालय हलवताना ती टेबलावरून पडली आणि त्यातील बराचसा भाग परत मिळाला नाही. सुदैवाने मूळ कॅसेट जपून ठेवल्या होत्या. म्हणूनच संगणकीकरण झाले, की कॅसेट रद्दीत काढण्याचा जो ठराव काही ठिकाणी होतो, त्याला आपण विरोध करावा.

आणखी एक. कॅसेटच्या डबीतील कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. पेन्सिलीने खरडलेले एखादे नाव कित्येकदा तेथेच असते आणि दुसरीकडे कोठेही नसते.

प्रतिसाद ३ : संबळ

ताई, मी संशोधक नाही. माझे वडील गोंधळी होते. आजोबाही होते. मी शाळेत असताना आमच्या घरी काही अभ्यासक आले, दोन रात्री राहिले, वडिलांनी त्यांना संपूर्ण आख्यान म्हणून दाखवले, संबळाचे बोल हातावर धरून समजावून सांगितले. जाताना त्यांनी कॅसेटची प्रत पाठवतो असे सांगितले होते. वडील पुढे कित्येक दिवस पोस्टमनला विचारत असत. कॅसेट आली नाही. बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात मला वडिलांचा फोटो दिसला. त्याखाली 'एक पारंपरिक लोककलावंत' असे छापले होते.

वडील आता नाहीत, आणि त्यांचा आवाज आमच्या घरात कोणाकडेही नाही. माझ्या मुलाने आजोबांना कधी ऐकलेलेच नाही. त्या कॅसेट कोणत्या तरी कपाटात असतील, असे मला अजूनही वाटते, म्हणून आपला प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

आपल्या आराखड्यात जेथे 'संकलन' लिहाल, तेथे त्याच ओळीत 'प्रत पोचती केली' असा रकाना ठेवा. पेनड्राइव्ह असो किंवा मोबाइलवर पाठवलेले असो, पण ज्याचे आहे त्याच्या घरी ते पोचले पाहिजे. मानधन देताना पॅनकार्ड आणि बँकेचे पासबुक मागतात, ते आमच्यातल्या अनेक वृद्धांकडे नीट नसते, आणि मग त्यांना हात हलवत परत यावे लागते. त्याची सोय आधी पाहा. आणि काही गोष्टी देवापुढच्या असतात. त्या ऐकवल्या जातील, पण छापू नका असे जर कोणी सांगितले, तर ते पाळा.

प्रतिसाद ४ : शिवार

तिघांचेही मनापासून आभार. संबळ, आपले लिहिणे मी दोन वेळा वाचले. आमच्या कपाटातील प्रत्येक डबीचा कागद तपासताना मी नावे आधी पाहीन, आणि सापडलेल्या नावांची यादी येथेच देण्याची परवानगी मिळते का, ते विद्यापीठाला विचारीन.

गोदाकाठ, फील्ड प्रोजेक्टबद्दल आपण लिहिले नाही. वह्यांतील बरीच गाणी छापील संग्रहांतून उतरवलेली असावीत, असा मला संशय येतो. ते ओळखावे कसे? आणि परवानगी कोणत्या स्वरूपात घ्यावी?

प्रतिसाद ५ : गोदाकाठ

आपला संशय रास्त आहे, आणि ओळखणे फारसे कठीण नाही. पुस्तकातून उतरवलेले गाणे पूर्ण असते. त्यात सर्व कडवी क्रमाने येतात, भाषा प्रमाण असते, ध्रुपद एकदाच लिहिलेले असते. तोंडून आलेल्या गाण्यात एखादी ओळ दोनदा येते, मध्येच 'पुढचे आठवत नाही, जाऊबाईला विचारा' असे असते, आणि जाऊबाईने वेगळाच शेवट सांगितलेला असतो. म्हणून विद्यार्थ्याला गुण गाण्यांच्या संख्येवर देऊ नका. मी एकाच गाण्याची एकाच वाड्यावरील तीन जणींकडून तीन रूपे मागत असे, ध्वनिमुद्रणासह. ती कोणत्याही पुस्तकात मिळत नाहीत, आणि खरा अभ्यास तेथेच सुरू होतो. सोबत क्षेत्र-दैनंदिनी हवी. कोठे बसलो, कोण ऐकत होते, कोणी मध्ये दुरुस्ती केली. सासू समोर असताना सुनेने सासरच्या जाचाची ओवी गाळली, ही नोंद दैनंदिनीतच सापडते.

मुलांना आधी आपल्या घरी पाठवा, आजीकडे. परक्या वस्तीवर जाण्यापूर्वी विचारायचे कसे आणि गप्प बसायचे कसे, हे तेथे शिकता येते.

कथांचे काम विद्यार्थ्यांना विशेष मानवते. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येते, ती कथा प्रत्येकाला पाठ असते. ती बंगालमध्ये आहे, इराणमध्ये आहे, आणि जगभरच्या कथाप्रकारांची जी सूची आर्ने, थॉम्पसन आणि ऊथर यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब' या १२२ एफ क्रमांकाच्या प्रकारात ती मोडते. भारतीय मौखिक कथांची थॉम्पसन आणि रॉबर्ट्स यांची वेगळी सूची १९६० साली प्रसिद्ध झाली. वर्गातल्या चाळीस मुलांनी आपापल्या घरची भोपळ्याची गोष्ट आणली, वाटेत कोणते प्राणी भेटले, भोपळा कोणी फोडला, म्हातारी शेवटी वाचली की नाही, एवढेच मांडले, तरी एका सत्राचे काम होते आणि केंद्राला पहिल्यांदा आपल्या जिल्ह्याची स्वतःची सूची मिळते.

परवानगीबद्दल. छापील संमतिपत्र असावे, पण मुद्रण सुरू होताच आपण कोण, कोठून आलो, याचे पुढे काय करणार, हे मराठीत सांगून समोरच्याचा होकार त्याच मुद्रणात घ्यावा. अंगठा उमटवलेल्या कागदापेक्षा तो अधिक खरा असतो. विद्यापीठाचा विधी विभाग कधी कधी म्हणतो, की लोकगीत कोणाच्याच मालकीचे नसते, मग परवानगी कशाला? गीताचे तसे असेलही. गाणाऱ्याचे तसे नाही. आपल्या प्रतिलिप्यधिकार कायद्यातील कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो पन्नास वर्षे टिकतो. संबळ यांनी सांगितलेला रकाना आराखड्यात घालताना या कलमाचा उल्लेख करा, म्हणजे वित्त विभागाचा आक्षेप येणार नाही.

प्रतिसाद ६ : शिवार

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मी आराखड्यात महोत्सव एक वर्षाआड ठेवला असून तो निधी लिप्यंतरासाठी दोन अर्धवेळ सहायकांच्या मानधनाकडे वळवण्याचे सुचवले आहे. चर्चासत्र चैत्रातून काढून पौषात नेले आहे. मार्गशीर्षात माळेगाव, होळीनंतर मढी, आणि लग्नसराईत चार गावे, एवढेच दौरे पहिल्या वर्षी घेतले आहेत. नोंदवहीच्या नमुन्यात 'प्रत पोचती केल्याची तारीख व घेणाऱ्याची सही' हा रकाना गाणाऱ्याच्या नावाला लागून ठेवला आहे.

आज दुपारी ध्वनिलेख यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व कॅसेट खिडकीपाशी धरून पाहिल्या. अकरा कॅसेटवर बुरशी आहे, त्या वेगळ्या केल्या. एका डबीतील कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने 'गोंधळ, रात्र दुसरी' असे लिहिलेले आहे. त्याखाली एक नाव आहे, पण ते पुसट झाले असून पहिले अक्षर तेवढे वाचता येते. संबळ, आपण मला आपल्या वडिलांचे नाव आणि गाव व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?

ध्वनिलेख, ही कॅसेट स्वच्छ दिसते, तरीही ती मी यंत्रात घातलेली नाही. ती आपल्याकडे कशी पाठवावी?

प्रतिसाद ७ : ध्वनिलेख

पाठवू नका. कुरिअरमध्ये ती उन्हात किती वेळ पडून राहील, ते सांगता येत नाही. माझे यंत्र घेऊन मी स्वतः येतो, बुरशी लागलेल्या अकराही तेथेच पाहू. तोवर सर्व कॅसेट उभ्या ठेवा, आडव्या नको, आणि त्या कपाटाजवळ स्पीकर असतील तर ते दूर हलवा.

प्रतिसाद ८ : संबळ

निरोप पाठवला आहे.